लाखाचा आकडा आणि न बदललेला बेल्ट

जुन्या गाड्यांबद्दल दोन ठाम मतं नेहमी ऐकू येतात आणि ती बहुधा एकाच माणसाची असतात. पहिलं, गाडी विनातक्रार चालतेय तोवर तिला हात लावू नये. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं की नसलेली दुखणी सुरू होतात. दुसरं, मीटरवर लाखाचा आकडा दिसला की गाडी संपली, मिळेल त्या भावात काढून टाकावी. पहिला सल्ला इमानेइतबारे पाळला की दुसरा आपोआप खरा ठरतो.

लाखाचा निकाल आधी लावू. अमेरिकेतल्या लाँग आयलंडचे विज्ञानशिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली व्होल्वो पी-१८०० घेतली. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच गाडीनं ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. हा विक्रम गिनेस बुकात आहे. तिचं इंजिन पहिल्यांदा खोललं गेलं ते ६ लाख ८० हजार मैलांवर, म्हणजे जवळजवळ ११ लाख किलोमीटरनंतर. गॉर्डन यांचं गुपित विचारणाऱ्यांची निराशाच व्हायची. ऑइल वेळेवर बदलायचं आणि कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय ते करायचं, एवढंच ते सांगत.

आता मूळ दुखण्याकडे. ‘चालतेय ना, मग कशाला?’ हे वाक्य सर्वांत महागात पडतं ते टायमिंग बेल्टच्या बाबतीत. इंजिनात पिस्टन खाली-वर करतो आणि त्याच्या तालावर व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. हा ताल सांभाळतो तो टायमिंग बेल्ट. पिस्टनला जोडलेल्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक व्हायलाच हवा. हायवेवर इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. त्या क्षणी बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि वेगात असलेले पिस्टन त्यांच्यावर जाऊन आदळतात. डिझेल इंजिनात दाब जास्त लागतो, म्हणून पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात मोकळी जागा फारच कमी असते. त्यामुळे जवळपास सगळ्याच डिझेल गाड्या यात सापडतात. व्हॉल्व्ह वाकतात, रॉकर मोडतात, हेड उतरवावं लागतं, नशीब खोटं असेल तर पिस्टनही जातो. शिवाय इंजिन बंद पडल्यावर ब्रेकच्या बूस्टरला एक-दोनदा दाबण्यापुरतीच मदत उरते. घाटात हे झालं तर काय, याची कल्पना न केलेलीच बरी.

‘पण आधी काहीतरी आवाज येईलच की!’ नाही येत. खडखडते ती काही इंजिनांत बेल्टऐवजी असणारी चेन. बेल्ट रबराचा असतो, आत काचतंतूंचे दोर असतात आणि ते आतल्या आत थकतात. वरून गुळगुळीत, नवाकोरा दिसणारा बेल्टही आयुष्य संपलेला असू शकतो. म्हणून कंपन्या किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे देतात. साधारण ६० हजार ते दीड लाख किलोमीटर, मॉडेलनुसार. आणि दोन्हींपैकी जो आकडा आधी गाठला जाईल तो लागू. दोन वर्षांत लाख किलोमीटर पळालेली टॅक्सी आणि दहा वर्षांत जेमतेम तीस हजार फिरलेली आजोबांची गाडी, दोन्हींचा बेल्ट बदलायला झालेला असू शकतो. आजोबांची गाडी ‘कमी चाललेली’ म्हणून चढ्या भावात विकली जाते आणि बेल्टचा विषय कोणी काढत नाही.

आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हेच अनेकांना ठाऊक नसतं. उदाहरणं आधी पुणे जिल्ह्यातलीच घ्या. रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन चेनवर चालतं. चाकणला तयार झालेल्या पोलोच्या डिझेल इंजिनांना बेल्ट आहे. बाहेरच्या गाड्यांत जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेलला बेल्ट, नंतरच्या क्रिस्टाच्या २.४ डिझेलला चेन. डस्टरच्या १.५ डिझेललाही बेल्टच. जुन्या इनोव्हात तर डॅशबोर्डवर ‘टी-बेल्ट’चा दिवा दिलाय. तो फक्त किलोमीटर मोजतो, बेल्टची अवस्था त्याला कळत नाही. तो रीसेटही करता येतो, त्यामुळे दिवा विझला म्हणजे बेल्ट बदलला असं समजण्यात अर्थ नाही.

‘हात लावला की बिघडते’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. नवा बेल्ट टाकून त्याला ताणून धरणारा जुना टेन्शनर तसाच ठेवला, किंवा खुणा जुळवताना एक दात चुकला, तर गाडी खरंच बिघडते. तो दोष हलगर्जी कामाचा आहे. अनेक इंजिनांत वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. खोलण्याची मजुरी तर द्यायचीच आहे, मग बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि पंप एकाच वेळी बदलणं शहाणपणाचं. पंप वाचवला आणि तो महिनाभरात गळायला लागला, तर तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते.

बाकीचे समज थोडक्यात.

‘चेनला काही करावं लागत नाही.’ चेन इंजिन ऑइलवर जगते. ऑइल बदलायला उशीर केला की ती ताणली जाते, तिचे गाइड झिजतात आणि सकाळी स्टार्ट मारताना खडखड सुरू होते.

‘ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं.’ डिझेल गाडीत नवं ऑइलही काही दिवसांत काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. बदलायची वेळ रंगावर नाही, किलोमीटर आणि महिन्यांवर ठरते.

‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, रेडिएटरला पाणीच बरं.’ कूलंट गोठणं टाळतो, तसाच उत्कलनबिंदू वाढवतो आणि ॲल्युमिनियमला गंजू देत नाही. बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं घातलं की आत थर बसतो, गाडी तापते, मग हेड गॅस्केट जातं आणि दोष उन्हाळ्याला दिला जातो.

‘ब्रेक ऑइल कमी झालं तरच बघायचं.’ ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असावा लागतो. ओलावा शोषलेल्या अवस्थेसाठी मानकाची मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना तेच उकळलं की ब्रेक पेडल पोकळ लागतं. बहुतेक कंपन्या ते दोन-तीन वर्षांनी बदलायला सांगतात.

‘ऑटोमॅटिकचं गियर ऑइल आयुष्यभरासाठी असतं.’ असे गियरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांवर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात.’ दिल्लीतल्या निर्बंधांच्या बातम्या वाचून इकडे घाबरायचं कारण नाही. महाराष्ट्रात खासगी गाडीची आरटीओत तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते.

लाखाच्या पुढची गाडी विकत घेणाऱ्यानं तोंडी ग्वाहीवर जाऊ नये, पावती मागावी. तारीख, मीटरचा आकडा, बेल्ट-टेन्शनर-पंपाची नावं, सगळं त्यात हवं. पावती नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून तो खर्च सौद्यातून वजा करावा, आणि गाडी ताब्यात आली की लांबच्या प्रवासाआधी ती थेट गॅरेजला न्यावी.