खंडाळ्याला गाडी का थांबायची

पुणेकराला खंडाळा म्हणजे पावसातली भजी आणि धुकं. पण हवा खायला माणसं इथे येऊ लागली ती फार उशिरा. त्याआधी या गावाचा धंदा वेगळा होता, आणि तो कसा चालायचा हे समजायला आधी घाट समजून घ्यायला हवा.

सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. कोकणाच्या बाजूला हे थर कड्यासारखे तुटलेत. पायथ्याची खोपोली समुद्रसपाटीच्या जेमतेम वर आहे, तर खंडाळा साडेपाचशे मीटरच्या आसपास. मधल्या ज्या सोंडेवरून लादलेला बैल चढू शकतो, तीच वाट होते. बोरघाट ही तशीच एक वाट. देशावरचं धान्य, गूळ, तूप, कापूस खाली जायचा. मीठ, तांदूळ, सुकी मासळी वर यायची. सपाटीवर गाडी चाले, घाटात मात्र बैलाची पाठच कामाची. म्हणजे घाटाच्या एका तोंडाशी माल उतरवायचा, गोण्या बैलांवर लादायच्या आणि दुसऱ्या तोंडाशी पुन्हा गाडीत भरायचा. या चढउतारात हमाल लागतात, वैरण-पाणी लागतं, रात्रीचा मुक्काम पडतो, आणि जकातवाल्यालाही माणूस आयता सापडतो. घाटातल्या गावाचं पोट या खोळंब्यावर चालतं. खोपोलीला नाना फडणवीसांनी तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधलं. नुसतं पुण्य जोडायचं असतं, तर त्यासाठी घाटाचा पायथाच निवडायची गरज नव्हती.

पेशवाई गेल्यावर 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांनी चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला केला. गाडी आता थेट घाट चढू लागली, तरी चढण तीच राहिली आणि बैलही तेच.

खरी गंमत रेल्वेने केली. मुंबईहून निघालेला रूळ 1856 मध्ये खोपोलीला पोचला. जून 1858 मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला घाट तसाच राहिला. पुण्याहून मुंबईला निघालेला माणूस खंडाळ्याला उतरायचा, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी धरून खोपोली गाठायचा आणि तिथे पुन्हा आगगाडीत बसायचा. जवळपास पाच वर्षं खंडाळा हे पुण्याकडच्या लोहमार्गाचं शेवटचं स्टेशन होतं.

त्याच वर्षांत शेजारी डोंगर फोडणं चालू होतं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये येऊन लवकरच वारले; त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी ते कंत्राट पुढे चालवलं. ऐन भरात 40,000च्या वर माणसं कामावर होती. पटकीने त्यांतली कितीतरी दगावली. अॅलिसबाईंचं नाव निदान इतिहासात राहिलं. 1863 मध्ये घाट पुरा झाला: 25 बोगदे, सुमारे 25 किलोमीटरांत 1831 फुटांची चढण, आणि सर्वांत अवघड जागी 37 फुटांमागे एक फूट चढ.

एवढं करूनही एका ठिकाणी डोंगराने वळण घ्यायला जागा दिली नाही. तिथे खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी पुढे जाऊन आंधळ्या टोकाशी थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडत, आणि मघाचा शेवटचा डबा आता पहिला होऊन गाडी उलट दिशेने पुढचा उतार धरी. 1929 मध्ये नवे बोगदे पाडून हा प्रकार बंद केला. पुढच्याच वर्षी डेक्कन क्वीन धावू लागली, हा काही योगायोग नव्हे.

स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्ड खिंडीखालच्या आंदरमाटची कथा अशीच आहे. खेचरांच्या तांड्यांवर जगलेलं हे गाव. 1882 मध्ये बोगदा झाला आणि गाड्या अक्षरशः गावाच्या खालून जाऊ लागल्या. खंडाळ्याच्या नशिबी निदान स्टेशन राहिलं.

खोळंबा मात्र नाहीसा झाला नाही, त्याने जागा बदलली. घाट चढण्याआधी कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. ती लागेपर्यंत गाडी थांबते आणि खिडकीशी बटाटेवडे येतात. कर्जतच्या वड्याची कीर्ती चवीइतकीच त्या थांब्याचीही आहे. दोन्ही टोकांना इंजिनं लावून आलेल्या गाड्यांना आता बँकरची गरज पडत नाही.

उतरताना मात्र ब्रेकची परीक्षा चुकत नाही. घाटात ठरलेल्या जागी मुख्य रुळाला फुटून डोंगराच्या दिशेने चढत जाणारा एक आंधळा रूळ असतो, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा एरवी त्याच रुळाकडे वळवलेला असतो. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच, तर ती त्या चढावर जाऊन आपोआप मंदावते. गाडी आधी पूर्ण उभी राहते, ब्रेक धरतोय हे दिसतं, मगच सांधा मुख्य मार्गाला लावून सिग्नल देतात. रानात मध्येच गाडी का थांबली म्हणून डब्यात कुरकुर सुरू होते ती याच वेळी.