जजमेंट : बोलाल तेवढेच हात करायचा पत्त्यांचा खेळ



मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या वसई-विरारच्या घराघरांत पत्त्यांचा कॅट कपाटातून बाहेर येतो. लहानांचा बदाम सात आणि झब्बू, जरा मोठ्यांचा मेंढीकोट. विरार लोकलमध्येसुद्धा मांडीवर बॅग आडवी ठेवून चौघांचा डाव रंगलेला आपण पाहतोच. आज त्यातल्याच एका खेळाबद्दल सविस्तर लिहिते आहे. त्याचं नाव जजमेंट.

हा खेळ मी गणिताच्या तासालाही घेते. पालकसभेत हे सांगितलं की एखादा हात वर होतोच, "मॅडम, शाळेत पत्ते?" प्रश्न बरोबरच आहे. पत्त्यांपायी पगार गेलेली घरं आपल्या आजूबाजूला आहेत. त्या घरातल्या आईला "हा फक्त खेळ आहे हो" असं म्हणून चालत नाही. म्हणून आधी खेळ नीट समजून घेऊ, मग त्या प्रश्नाकडे येऊ.

ज्याला मेंढीकोट येतो त्याला अर्धा जजमेंट येतो. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चार रंग. (मुलांना इथे बजावून सांगावं लागतं की रंग म्हणजे लाल-काळा नव्हे.) एक्का सर्वांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी असं उतरत दुर्रीपर्यंत. पहिला खेळाडू पान टाकतो, ती उतारी. बाकीच्यांनी त्याच रंगाचं पान टाकायचं. तो रंग हातात असताना दुसरं पान टाकणं चालत नाही. नसेल तर कुठलंही पान टाका, किंवा हुकूम मारा. हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते. चार पानं पडली की एक हात झाला. तो ज्याने घेतला त्याची पुढची उतारी.

आता फरक. मेंढीकोटमध्ये दोघादोघांची जोडी असते, इथे प्रत्येक जण एकटा. तिथे दश्श्या पकडायच्या, इथे आधी बोलायचं. पानं वाटून झाली की खेळायच्या आधीच प्रत्येकाने सांगायचं, "माझे इतके हात होणार." मग बरोबर तितकेच करायचे. एक कमी झाला तरी गेला, एक जास्त झाला तरी गेला! ब्रिजमध्ये बोललात त्याहून जास्त हात झाले तर चालतं, जजमेंटमध्ये नाही. खेळाची सगळी गंमत या एका गोष्टीत आहे.

गुण सोपे आहेत. बोली तंतोतंत जुळली तर १० अधिक बोली. ३ बोललात आणि ३ केलेत तर १३ गुण. शून्य बोललात आणि एकही हात घेतला नाहीत तर १०. चुकलात तर भोपळा. वर्गात आम्ही पहिल्या डावाला प्रत्येकी ५ पानं वाटतो, मग ४, ३, २, १. घरी ७ किंवा ८ पासून सुरू करतात. हुकूम दर डावाला बदलतो. क्रम ठरलेला असला की भांडण होत नाही: इस्पिक, चौकट, किलवर, बदाम. पाचवा डाव आम्ही बिनहुकमाचा खेळतो. आपल्याकडची गुजराती मुलं याच खेळाला काचुफूल म्हणतात. काळी, चोकट, फुल्ली, लाल यांची पहिली अक्षरं घ्या, हुकमाचा हाच क्रम मिळतो. हिंदी बोलणाऱ्या मुलांबरोबर मात्र आधीच ठरवून घ्या, कारण त्यांच्यात हुकुम म्हणजे इस्पिक. "हुकूम कुठला?" असं विचारल्यावर ती मुलं गोंधळतात ते उगाच नाही.

आणखी एक नियम आहे, जो काही घरांत पाळत नाहीत. माझ्या मते तो नसेल तर खेळ अळणी होतो. पानं वाटणारा सर्वांत शेवटी बोलतो. त्याने असा आकडा बोलायचा नाही, की ज्यामुळे सगळ्यांच्या बोलींची बेरीज एकूण हातांइतकी होईल. ५ हातांच्या डावात पहिल्या तिघांची बेरीज ३ झाली असेल, तर त्याला २ बोलता येत नाही.

याचा अर्थ काय? चौथीतली मुलंही विचार करून उत्तर देतात. सगळ्यांच्या बोली खऱ्या झाल्या असत्या, तर त्यांची बेरीज एकूण हातांइतकी आली असती. ती तर आलेलीच नाही. म्हणजे दर डावात कोणीतरी एक जण तरी पडणारच, पानं कशीही येवोत. बेरीज हातांपेक्षा जास्त असेल तर सगळे हातांसाठी भांडतात. कमी असेल तर उलटं, नको असलेला हात एकमेकांच्या गळ्यात मारायची धडपड चालते.

एक डाव मांडून दाखवते. कॅटमधून ही २० पानं काढून शेजारी ठेवा. हुकूम किलवर. बाबांनी पानं वाटली आहेत, म्हणून बोलण्याचा आणि खेळण्याचा क्रम ताई, आजी, छोटू, बाबा.

ताई : इस्पिक एक्का, इस्पिक चव्वी, बदाम राणी, चौकट नव्वी, किलवर तिर्री.
आजी : किलवर राजा, बदाम राजा, बदाम पंजी, चौकट सत्ती, इस्पिक दश्शी.
छोटू : इस्पिक अठ्ठी, इस्पिक छक्की, चौकट पंजी, चौकट दुर्री, बदाम तिर्री.
बाबा : चौकट एक्का, चौकट राजा, किलवर सत्ती, बदाम नव्वी, इस्पिक गुलाम.

ताई एक्क्याच्या जोरावर १ बोलते. आजी दोन राजांवर २. छोटूकडे नुसता कचरा, तो खुशाल शून्य बोलतो. बेरीज ३. बाबांना मनातून २ बोलायचे आहेत, पण ३ आणि २ पाच होतात, म्हणून बंदी. १ बोला नाहीतर ३. चौकटचा एक्का आणि राजा दोन्ही हातात बघून बाबा ३ बोलतात.

पहिली उतारी ताईची, इस्पिक एक्का. आजी दश्शी टाकते, छोटू अठ्ठी, बाबा गुलाम. हात ताईचा, तिचं काम झालं. छोटूने छक्की ठेवून अठ्ठी टाकली हे बघा. शून्य बोललेल्याने मोठी पानं अशीच दुसऱ्याच्या एक्क्याखाली घालवायची असतात. मग ताई चौकट नव्वी उतरते. आजी सत्ती, छोटू पंजी, बाबा राजा टाकून हात घेतात. तिसऱ्या हाताला बाबा चौकट एक्का उतरतात. ताईकडे चौकट संपली आहे. तिला हात नको आहे, म्हणून ती बदाम राणी फेकते. आजीकडेही चौकट नाही, आणि तिला हात हवा आहे! ती किलवर राजा मारते. छोटू दुर्री. बाबांचा एक्का गेला. चौथ्याला आजी बदाम राजा उतरते, छोटू तिर्री, बाबा नव्वी, ताई इस्पिक चव्वी. आजीचे दोन झाले. शेवटी आजी बदाम पंजी उतरते, छोटू छक्की टाकतो, बाबा किलवर सत्ती मारतात, ताईची किलवर तिर्री त्याखाली जाते.

ताईला ११, आजीला १२, छोटूला १० गुण. बाबांचे हात झाले २, बोलले होते ३, म्हणून भोपळा. जो आकडा त्यांना बोलायचा होता तोच खरा ठरला, आणि तोच बोलायची बंदी होती.

आता छोटूकडे परत बघा. बहुतेक खेळांत ज्याला वाईट पानं येतात तो हरतो. इथे त्याच्या हातात एक चित्र नाही, एक हुकूम नाही, तरी दहा गुण घेऊन तो उठला. आपल्याकडे काय नाही हे त्याने ओळखलं आणि तसंच बोलला. वर्गात कायम मागे राहणारी काही मुलं या खेळात भराभर पुढे येतात, ती शून्याच्या बोलीमुळे.

अंदाज बांधायचं गणितही इथे आपोआप होतं. आजीने किलवर राजावर विश्वास ठेवला तो किती बरोबर? ५२ पानांतली तिची ५ सोडली तर ४७ पानं तिने पाहिलेली नाहीत. त्यांतली १५ बाकी तिघांकडे, ३२ खाली पडून आहेत. म्हणजे हुकमाचा एक्का कोणाच्या तरी हातात असण्याची शक्यता ४७ पैकी १५, साधारण तीनदा खेळलं तर एकदा. हीच पानं प्रत्येकी १३ वाटली असती, तर एक्का कोणाकडे तरी नक्कीच असता. मुलांना अपूर्णांक म्हणून सांगायची घाई करू नका. "किती पानं लपलेली आहेत?" एवढंच विचारत राहा.

खेळ मूळचा आपला नाही. इंग्लंडमध्ये १९३० च्या सुमारास तो खेळू लागले, इंग्रजीत त्याला 'ओह हेल' म्हणतात. बोली आणि हुकूम ही ब्रिजची भावंडं. त्या ब्रिजमध्ये २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते.

आता त्या आईचा प्रश्न. आपल्या राज्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासूनचा आहे, आणि केवळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही असं त्यातच म्हटलं आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीसुद्धा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. पण हे सांगून मी पालकांना गप्प करत नाही. त्याच निकालात न्यायालयाने असंही म्हटलं की क्लबचा मालक त्या खेळातून नफा कमावत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो. म्हणून माझ्या वर्गाचा नियम कायद्याहून कडक आहे. पैसा नाही, चॉकलेट नाही, खोडरबरसुद्धा नाही. गुण वहीत लिहायचे, तास संपला की कॅट मोजून डब्यात. शंका असलेल्या पालकांना मी एक तास मुलांबरोबर खेळायला बसवते. पंचावन्न मिनिटांत ते स्वतःच बोली लावायला लागतात!

गटात चारच मुलं घ्या. पाच झाली तर पाचव्याला गुणलेखक करा आणि बेरजेच्या नियमावर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे द्या.

स्वाध्याय : वरच्या डावात बाबा ३ ऐवजी १ बोलले असते तर? बोलींची बेरीज ४, हात ५. नको असलेला हात कोणाच्या गळ्यात पडला असता? पानं मांडून खेळून बघा आणि वहीत लिहा.