बंब येईपर्यंतची पाच मिनिटे

२९ ऑक्टोबर २००५ची संध्याकाळ. दिवाळी तीन दिवसांवर आलेली. दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलांचे कपडे, पणत्या, मिठाई यांची खरेदी जोरात सुरू असतानाच बॉम्बस्फोट झाला आणि पाठोपाठ दुकानांना आग लागली. त्या संध्याकाळी दिल्लीत तीन ठिकाणी झालेल्या स्फोटांत ६०हून अधिक माणसे दगावली.

तो घातपात होता, तो टाळणे गृहिणीच्या हाती नव्हते. पण गजबजलेल्या, अरुंद गल्ल्यांत आग भडकली की काय होते, हे या वस्तीने डोळ्यांनी पाहिले. घरातली आग मात्र बहुतेक वेळा टाळता येते आणि लागलीच तर आटोक्यातही ठेवता येते.

फक्त आगीसाठीच नाही

एकेकाळी विनय नगर म्हणून ओळखली जाणारी ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. दिल्ली अग्निशमन सेवेचे जवान इथे केवळ आग विझवायलाच येतात असे नाही. वादळात पडलेले झाड हटवणे, कोसळलेल्या घराखालून माणसे काढणे, ही कामेही त्यांचीच. शाळा, कार्यालये आणि वसाहतींत ते प्रात्यक्षिकेही दाखवतात.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. हा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ असतो. त्या दिवसांत आपल्या वसाहतीत प्रात्यक्षिक ठेवण्याची विनंती सोसायटीने किंवा महिला मंडळाने जरूर करावी.

खरा शत्रू धूर

सरोजिनी नगरपासून जवळच असलेल्या ग्रीन पार्कमधल्या ‘उपहार’ सिनेमागृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षकांचा बळी गेला. आग खाली ट्रान्सफॉर्मरपाशी लागली होती. बाल्कनीतली माणसे मात्र धुराने गुदमरली, कारण बाहेर पडायचे मार्ग अडलेले होते.

घरालाही हाच धडा लागू पडतो. जिन्यात सायकली, जुने कपाट, चपलांचे स्टँड ठेवू नयेत. आज या वसाहतीतली जुनी क्वार्टर्स पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत, तेव्हा मोकळा जिना आणखीच मोलाचा. आग लागल्यावर लिफ्ट वापरू नये. धूर वर चढतो, म्हणून नाकावर ओला रुमाल धरून वाकून किंवा रांगत बाहेर पडावे. निघताना दार ओढून घ्यावे, म्हणजे आग पसरायला वेळ लागतो.

स्वयंपाकघरातील दक्षता

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला की जमिनीलगत साठतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. मग घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावी. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरची खूण पाहावी. ए, बी, सी, डी या अक्षरांपैकी एक वर्षाची तिमाही दाखवते आणि पुढचा आकडा वर्ष. ती मुदत उलटली असेल तर सिलिंडर परत करावा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच ओतू नये, जळते तेल उसळून अंगावर येते. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवावे आणि ती गार होईपर्यंत उघडू नये. विजेची आग असल्यास आधी मेन स्विच बंद करावा.

पदराने पेट घेतला तर पळू नये, वाऱ्याने ज्वाळा वाढतात. जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती चादर गुंडाळावी. भाजलेल्या जागी वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, तूप, शाई लावू नये.

फोन करायला लाजू नका

‘एवढ्याशा आगीसाठी बंब कशाला? शेजारीपाजारी काय म्हणतील?’ या संकोचात मोलाची मिनिटे जातात. १०१ किंवा ११२ फिरवून पत्ता, जवळची ठळक खूण, काय जळते आहे आणि आत कुणी अडकले आहे का, एवढे शांतपणे सांगावे. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नये. मग घरातल्या एकाने रस्त्यावर उभे राहून बंबाला वाट दाखवावी आणि आडव्या लावलेल्या गाड्या हलवून घ्याव्यात.

जवान कितीही तत्पर असले तरी त्यांना पोहोचायला थोडा वेळ लागतोच. तोवरची पाच मिनिटे घरच्यांची असतात. म्हणून आज रात्री जेवण झाले की मुलांना जवळ बसवून एवढेच विचारावे, ‘आग लागली तर कुठून बाहेर पडायचे आणि कुठला नंबर फिरवायचा?’ उत्तर चटकन आले नाही, तर शिकवायला हीच वेळ योग्य.