मोटारीचा साक्षीदार

पाळी सुटण्याच्या वेळी भिलाईहून रायपूरकडे मोटार नेणाऱ्यास एकाच वेळी किती दिशांना पाहावे लागते, हे अनुभवानेच कळते. जी. ई. रोड हा मुंबई-कोलकाता महामार्गाचाच भाग. दूरच्या मालमोटारी, सायकली, दुचाक्या आणि शाळेच्या बसेस त्यावरून एकत्र वाहतात. म्हणून नव्या मोटारीला पुढे, मागे व आरशांखाली कॅमेरे आहेत असे पाहून कुटुंबास धीर येतो आणि वेगळा डॅशकॅम हा अनाठायी खर्च वाटू लागतो.

परंतु यांपैकी बहुतेक कॅमेरे केवळ पाहतात. पाहिलेले जतन करीत नाहीत. पुढच्या काचेमागील कॅमेरा रस्त्याचे पट्टे ओळखून चालकास सावध करतो. मागचा कॅमेरा रिव्हर्स गिअर काढला की मिटतो. अपघातानंतर दोघांनाही काही सांगता येत नाही.

आणि सांगण्याजोगे पुष्कळ असते. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. वाहन सापडले, तर मात्र न्यायाधिकरण मृताचे वय, उत्पन्न व त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरविते. या दोहोंमध्ये कित्येकदा एका नंबरप्लेटचेच अंतर असते.

तेव्हा प्रथम आपल्या गाडीचे माहितीपुस्तक उघडावे. काही गाड्यांत चित्रण साठविण्याची सोय असतेही. २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाई एक्स्टरच्या वरच्या प्रकारांत डॅशकॅम कारखान्यातूनच बसवून येतो. पण त्याचा दुसरा कॅमेरा गाडीच्या आत पाहतो, मागच्या रस्त्याकडे नाही. मागून बसणाऱ्या धडकेची चिंता असेल, तर मागील काचेवर स्वतंत्र कॅमेरा हवाच.

निवड करताना भिलाईचा उन्हाळा विसरू नये. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीची काच हाताला चटका देते. अशा ठिकाणी लिथियम बॅटरीचा डॅशकॅम फुगून निकामी होण्याचा संभव असतो. सुपरकपॅसिटर असलेला घ्यावा, चार पैसे अधिक पडले तरी. चित्राची स्पष्टता रात्रीच्या नमुन्यावरून पारखावी. दिवसा सगळेच कॅमेरे चांगले दिसतात.

तो बसवायचा कोठे, यात खरी चूक होते. गाडीच्या मूळ कॅमेऱ्यासमोर तो किंवा त्याची वायर आली, तर चालकास सावध करणारी यंत्रणाच आंधळी होते. आरशाच्या आड, शेजारच्या आसनाच्या बाजूस, पण वायपर फिरतो तेवढ्या काचेत तो असावा. नाहीतर पावसाळ्यात फक्त पाण्याचे ओघळ टिपले जातील. वायर खांबातून नेताना पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या वाटेत येऊ देऊ नये. गाडीची मूळ वायर कापू न देता फ्यूजपासून वीज घ्यावी, आणि वॉरंटीस बाधा येणार नाही असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. उभ्या गाडीवरही पहारा हवा असेल, तर गाडीची बॅटरी उतरण्यापूर्वी वीज तोडणारे साधन जोडावे.

सेकंदाला पंधरा मेगाबिट या हिशेबाने एक कॅमेरा तासाला पावणेसात जीबी जागा घेतो. दोन कॅमेरे असतील, तर चौसष्ट जीबीचे कार्ड पाच तासांच्या आतच भरते आणि जुने चित्रण पुसले जाऊ लागते. म्हणून सतत लेखनासाठी बनविलेले मोठे कार्ड घ्यावे, आणि अपघात घडताच ते काढून ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे चित्रण न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र जोडावे लागते. यासाठी मूळ कार्ड जपावे, आणि घड्याळातील तारीख बरोबर असावी.

आणखी एक. हे यंत्र आवाजही टिपते. गाडीत बसून केलेल्या घरगुती गोष्टी कार्डावर राहू नयेत असे वाटत असेल, तर मायक्रोफोन पहिल्याच दिवशी बंद करावा.