एक डबा, चार वाय-फाय!

गणपतीला मुंबईचे पाहुणे पेणला पोचले. चपला काढल्या, पाणी प्यायले आणि पहिला प्रश्न आला: "काकू, वाय-फायचा पासवर्ड काय?"

काकू, थांबा! घरचा पासवर्ड देऊ नका. कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या त्या राउटरच्या पोटात दुसरं, तिसरं, कधीकधी चौथंही वाय-फाय दडलेलं असतं.

पेणकर, माहीत आहे का? हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत एकाच साच्यातून कितीतरी मूर्ती निघतात. पण रंग वेगळा, डोळ्यांची आखणी वेगळी. राउटरचंही तेच! एकाच रेडिओवर अनेक नेटवर्क. पण प्रत्येक नेटवर्कचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. फोनला वाटतं, घरात चार राउटर आहेत. कसं बनवलं!

आणि रोहेकर, तुम्हाला? तुमच्या स्टेशनात हीच गंमत आहे. मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते, पुढे कोकण रेल्वे. रूळ तेच, कारभारी बदलला!

ओटीपर्यंतच या! गेस्ट नेटवर्क म्हणजे घराची ओटी. बसा, रील्स बघा. माजघरातल्या कॉम्प्युटरकडे आणि प्रिंटरकडे मात्र फिरकायचं नाही. म्हणूनच भाच्याच्या मोबाइलवरचा व्हिडिओ तुमच्या टीव्हीवर लागत नाही. भाचा रुसला, डेटा वाचला!

बल्बचा हट्ट. स्मार्ट बल्ब आणि छोटे कॅमेरे बहुतेकदा 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात. त्यांना गेस्टसारखं वेगळं नेटवर्क द्या. उद्या एखादा बल्ब हॅक झालाच, तर तुमच्या लॅपटॉपवर त्याचा उजेड पडणार नाही.

चार नेटवर्क, चौपट स्पीड? छे! मोदक एकच, ताटं चार. वर प्रत्येक नेटवर्क सेकंदाला साधारण 10 वेळा "मी इथे आहे!" अशी हाळी देतं. चार नावं, 40 हाळ्या! मिरवणुकीतल्यासारखा हा गलका वाढला की कामाच्या डेटाला वाट कमी. म्हणून दोन-तीन पुरे.

अष्टविनायक नियम. वाय-फायच्या नेहमीच्या पासवर्डला किमान 8 अक्षरं लागतात. पाली आणि महड रायगडातच, तेव्हा आकडा विसरायला सबब नाही!

वाय-फायचा फुल फॉर्म? "वायरलेस फिडेलिटी" म्हणालात? चुकलात! 1999 साली इंटरब्रँड या कंपनीनं सुचवलेलं हे नुसतं झोकदार नाव, 'हाय-फाय'शी यमक जुळणारं. फुल फॉर्म नाहीच.

आता बारसं! नेटवर्कचं नाव मराठीत ठेवता येतं, माहीत आहे का? फक्त जागा 32 बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणं, प्रत्येकाला तीन. 'पेण' नऊ बाइटमध्ये मावतं, 'रोहा' बारामध्ये.

आणि 'गणपतीबाप्पा'? जोडून लिहिलं तरी 33! एका बाइटनं गाडी चुकली. 'बाप्पामोरया'? तेही 33!

काळजी नको, राउटर एक असला तरी नावं दोन ठेवता येतात. घरचं नेटवर्क 'बाप्पा', पाहुण्यांचं 'मोरया'. विसर्जन झालं, पाहुणे एसटीत बसले, की 'मोरया'चं बटण बंद. पुढच्या वर्षी पुन्हा चालू!