बातमी शिकवणारे गुरुजी एकटे पडू नयेत

दहावीच्या मराठीच्या पेपरात बातमीलेखनाचा प्रश्न असतो. शाळेत वृक्षारोपण झाले, विज्ञान प्रदर्शन भरले, असा एखादा विषय दिलेला असतो. मुले ठिकाण, तारीख आणि 'आमच्या वार्ताहराकडून' असे लिहून बातमी पूर्ण करतात आणि गुणही मिळवतात. मात्र यातून मूल एकच गोष्ट शिकते, न घडलेले घडल्यासारखे लिहायला. घडलेले शोधून, विचारून, पडताळून लिहायला शिकवणारा शिक्षक विरळा. तो भेटला तरी त्याच्या पाठीशी कोण उभे राहते?

चंद्रपूर जिल्ह्यातले सिंदेवाही घ्या. धानाचा आणि जंगलाचा हा तालुका. मे 2025 मध्ये तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिलांचा इथे एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मोठ्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पाने दुसऱ्या विषयाकडे वळली. पण ज्यांची आई उन्हाळ्यात मोहफूल वेचायला, तेंदूपाने तोडायला जाते, ती मुले इथल्याच वर्गांत बसतात. नुकसानभरपाईसाठी कोणते कागद लागतात? शाळेच्या वाटेवरची झुडपे कोण साफ करणार? संध्याकाळची एसटी चुकली तर मुलींनी घरी कसे जायचे? हे प्रश्न मुलांनी वनविभागाला, ग्रामपंचायतीला, आगाराला विचारले आणि उत्तरे शाळेच्या भित्तिपत्रकावर लावली, तर ती खरी पत्रकारिता होईल. गावाच्या उपयोगाचीही होईल.

परंपरा आपलीच

मराठी पत्रकारितेचा आरंभच एका शिक्षकाने केला. 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक होते. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढत. 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. पैगंबर मुहंमद (स.) आणि इस्लामी संस्कृती यांवर मराठीत पुस्तक लिहिणारे साने गुरुजी ते हेच. त्यांच्याकडे ना छापखाना होता ना अनुदान. कागद, दौत आणि मुलांवरचा विश्वास एवढ्यावर त्यांचे दैनिक चालले.

दबाव शिक्षकावर येतो

अमेरिकेत हायस्कूलचे वर्तमानपत्र ही जुनी गोष्ट. मिसुरी राज्यातल्या हेझलवूड शाळेच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या अंकातली दोन पाने काढून टाकली. त्यांत किशोरवयीन मुलींचे गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट या विषयांवर लेख होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1988 मध्ये निकाल शाळेच्या बाजूने लागला. त्यानंतर काही राज्यांनी विद्यार्थ्यांच्या लेखनाला कायद्याने संरक्षण दिले. कॅलिफोर्नियात मुलांसाठी असा कायदा आधीपासून होता, तरी शाळा मुलांना हात न लावता मार्गदर्शक शिक्षकाची बदली करू शकत होती. म्हणून 2008 मध्ये तिथे शिक्षकाच्या संरक्षणाचा वेगळा कायदा झाला.

आपल्याकडे राज्यघटनेचे कलम 19(1)(अ) अभिव्यक्तीचा हक्क देते. मुलांना मत मांडण्याचा हक्क देणारा बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने डिसेंबर 1992 मध्ये स्वीकारला. पण "सर, हे नसते उद्योग कशाला?" असे कोणी विचारले, तर शिक्षकाला कलमांपेक्षा आधी माणसे लागतात.

आधार कसा द्यायचा?

सुरुवात लहान ठेवावी. महिन्याला एक भित्तिपत्रक पुरे. मुख्याध्यापक, शिक्षक आणि मुलांनी मिळून चार नियम आधीच लिहून ठेवावेत. प्रत्येक बातमीला दोन माणसांचा दुजोरा हवा. ज्याच्यावर टीका आहे त्याचे म्हणणे घ्यावे. चूक झाली तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. अत्याचारग्रस्त किंवा गुन्ह्यात अडकलेल्या मुलाची ओळख कधीही उघड करू नये; बाल न्याय कायद्याचे कलम 74 आणि पोक्सोचे कलम 23 यांनी तशी मनाईच केली आहे. असे लेखी नियम असले की तक्रार आल्यावर शिक्षकाच्या हातात काही तरी असते.

6 जानेवारीला, पत्रकार दिनी, तालुक्याच्या वार्ताहराला शाळेत बोलवावे. हाराऐवजी त्याच्याकडून दोन तासांची शिकवणी घ्यावी. शेजारच्या शाळांतल्या अशा शिक्षकांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावे, अंकांची अदलाबदल करावी.

पालकांचा वाटा याहून मोठा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे आपले अब्बा-अम्मी जातात का? गेले तर फक्त सही करून येतात का? भित्तिपत्रकाच्या कागदासाठी थोडी तरतूद मागणे आणि शिक्षकावर अन्यायाने ठपका आला तर दोन शब्द बोलणे, हे काम पालकच करू शकतात.

बातमीची खातरजमा करण्याचा आदेश सूरह हुजुरातमध्ये आहे. हदीसच्या विद्वानांनी तर 'कोणी सांगितले, त्याला कोणी सांगितले' ही साखळी तपासण्याचे शास्त्रच उभे केले. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी आपली मुलगी "हे कोणी सांगितले?" असे विचारत असेल, तर तिच्या गुरुजींची तालीम सार्थकी लागली. पुढच्या पालकसभेला गेल्यावर त्या गुरुजींना भेटा, अंक पाहायला मागा आणि तो शेवटपर्यंत वाचा.