वनौषधी आणि हृदय : प्राणिचाचण्यांचा अर्थ व मर्यादा

सर्पगंधेने रक्तदाब कमी होतो, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रुग्णांवरील अनुभवातून मांडले. त्याआधी १९३० च्या दशकात कोलकात्यात डॉ. रामनाथ चोप्रा व सहकाऱ्यांनी हा परिणाम प्राण्यांमध्ये पाहिला होता. परंपरा, प्रयोगशाळा आणि रुग्णालय हा क्रम आजही महत्त्वाचा आहे.

चाचणी कशी होते?

आयुर्वेदात अर्जुनाची साल हृदयरोगावर सांगितली आहे. तिच्या परीक्षणासाठी उंदरांच्या एका गटाला काही आठवडे सालीचा अर्क दिला जातो, तर दुसऱ्या गटाला दिला जात नाही. नंतर दोन्ही गटांना आयसोप्रोटेरेनॉल टोचले जाते. या द्रव्यामुळे हृदयाचे काम व ऑक्सिजनची गरज वाढते आणि स्नायुपेशी मरू लागतात. मृत पेशींतून रक्तात येणारी विकरे व सूक्ष्मदर्शकाखालील ऊती यांवरून हानी मोजली जाते. अनेक भारतीय अभ्यासांत अर्क घेतलेल्या गटात हानी कमी आढळली. वत्सनाभाची बाजू उलट आहे. त्यातील अकोनिटिन सोडियम वाहिन्या उघड्या ठेवते व हृदयाची लय बिघडवते. म्हणूनच लयदोष निर्माण करण्यासाठी प्रयोगशाळेत ते वापरतात आणि औषधात घेण्यापूर्वी वत्सनाभाचे शोधन आवश्यक ठरते.

मर्यादा

उंदराच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३०० हून अधिक असतात. शिवाय मानवी हृदयात विद्युत-पुनर्भरणाला महत्त्वाची असलेली एक पोटॅशियम वाहिनी त्याच्या हृदयात जवळजवळ कार्य करीत नाही. त्यामुळे लय लांबविणारा धोका उंदरात दिसत नाही. त्यासाठी गिनीपिग, ससा वा श्वान निवडावे लागतात. गुग्गुळाचे उदाहरण बोलके आहे. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील डॉ. जी. व्ही. सत्यवती यांच्या संशोधनात सशांमधील कोलेस्टेरॉलवर गुग्गुळाचा अनुकूल परिणाम दिसला. मात्र २००३ मध्ये अमेरिकेत १०३ व्यक्तींवरील आठ आठवड्यांच्या चाचणीत घातक कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी किंचित वाढले.

नियमन

प्राण्यांवरील प्रयोग १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली व १९९८ च्या नियमांनुसार, संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीनेच होतात. नव्या औषधांसाठी २०१९ चे नियम लागू असून, २०२३ च्या दुरुस्तीने मानवी पेशी व संगणकीय पद्धतींनाही वाव दिला. ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधांना मात्र २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-ब नुसार परवान्यासाठी सुरक्षाअभ्यास बंधनकारक नाही.

म्हणून प्राणिचाचणी हा पुराव्याचा पहिला टप्पा होय, अंतिम निष्कर्ष नव्हे. तो टप्पा मानवी चाचण्यांशी जोडला गेला, तरच रुग्णाला परंपरेचा लाभ सुरक्षितपणे मिळेल.